वरचा मजला

रहमत कल्हईवाल्यानं नेरच्या कोठीचं मागचं आंगण वीस वर्षं पाहिलं होतं. पुढचा दरवाजा एकदाही नाही. दर दिवाळीच्या तोंडावर तो तिथं भट्टी लावी. नवसागराचा धूर वर चढला की वरच्या खिडकीतून बाईचा आवाज येई, "धूर आवर रे!" आणि खिडकी धाडकन बंद होई. त्या आवाजाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही.

मालक मंडळी नागपूरला गेली आणि एकसष्ट साली कोठीचं संग्रहालय झालं. तिकीट काढेल त्याला पुढच्या दारानं प्रवेश. रहमतनं धुतलेला सदरा चढवला.

"नवरदेवावानी कुठं निघाले?" बायको जैनबबीनं विचारलं.

"कोठीचा वरचा मजला पाह्याले."

"तिथं काय ठेवलं हाय तुमचं?"

"तेच पाहून येतो."

संग्रहालयाचे व्यवस्थापक यज्ञेश्वरराव पुढं चालत, पाठ केलेलं बोलत होते. आरसे झाले, बंदुका झाल्या, पालखी झाली. जिन्यालगतच्या खोलीत मुदपाकखान्यातली भांडी मांडलेली होती. एका मोठ्या पितळी तपेल्यावर पांढरा पंचा होता.

"आज चारला पाहुणे येताहेत," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मालकांच्याच तपेल्यातून मठ्ठा देणार. सकाळपासून भरून ठेवलाय."

रहमतनं पंचा उचलला. तपेलं बाहेरून चिंचेनं घासून सोन्यासारखं केलेलं. आतली कल्हई केव्हाच उडाली होती. मठ्ठ्याच्या कडेनं हिरवट रेघ धरली होती.

"साहेब, हा कळकला. पाहुणे ओकतीन."

"वस्तूंना हात लावायचा नाही. पाटी दिसत नाही?"

"वस्तू कायची, तपेलं हाय ते."

मागचे लोक हसले. "चला, वर चला," म्हणत यज्ञेश्वरराव जिना चढू लागले. रहमतनंही पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवरही ठेवला. मग तो खाली उतरला आणि दोन्ही हातांनी त्यानं तपेलं लवंडून दिलं.

यज्ञेश्वररावांनी त्याला दंडाला धरून जवळच्या दारानं बाहेर काढलं. ते दार मागच्या आंगणात उघडत होतं.

तपेलं उचलताना त्यांना आतला वास आला. पाहुण्यांना त्यांनी चहा दिला. का, ते कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी संग्रहालयाचा शिपाई धावजी रहमतच्या दारात उभा. "रहमतभाई, भाता घेऊन बलावलं. मांगच्या दारानं या."

"अन् तिकीट?"

"कामाले कायचं तिकीट?"

रहमतनं जुन्याच जागी भट्टी लावली. तपेलं तापलं, कथील वितळलं, कापसाच्या बोळ्यानं त्यानं ते आतून फिरवलं. धूर वर गेला. खिडकी उघडी होती. कोणी ओरडलं नाही.

काम उरकल्यावर यज्ञेश्वरराव आले. तपेल्यात स्वतःचं तोंड पाहून म्हणाले, "हात धुवा. राहिलेलं दाखवतो."

वर एक पलंग होता, एक आरामखुर्ची होती. "ही मालकीणबाईंची खोली," यज्ञेश्वररावांनी सुरू केलं. रहमत खिडकीशी गेला. खाली फरशीवर वीस वर्षांच्या भट्ट्यांचा काळा गोल होता. इथून तो बराच लहान दिसत होता. मधे निखारे अजून धुमसत होते.

"धूर लय येत असंन इथं," तो म्हणाला.

"येतो ना!" यज्ञेश्वरराव खोकले, आणि हात लांबवून त्यांनी खिडकी लावून घेतली.