सहीच्या दिवशीचं इंजेक्शन

विहिरीकाठची दोन एकर माझ्या कमाईची. वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि ही जमीन घेतली. तेव्हा मी सतत बाहेर, म्हणून कागद थोरल्या भावाच्या नावावर झाला. सहा वर्षं तो "करून देतो" म्हणत राहिला. कधी पेरणी, कधी सोयरीक, कधी कंबर. ते मला आजही सलतं.

शेवटी जमीन माझ्या नावावर करायच्या बक्षीसपत्राच्या नोंदणीची वेळ मिळाली, हिंगोलीत, दुपारी तीनची. त्याला शौचातून रक्त जात होतं, म्हणून त्याच सकाळी आतड्याची दुर्बिणीची तपासणी होती. दोन्ही एकाच खेपेत उरकावं, हे मीच ठरवलं.

डॉक्टर म्हणाले, "गुंगीचं इंजेक्शन दिलं की त्रास जाणवणार नाही. पण मग आज दिवसभर गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही."

झालं, नवा बहाणा सापडला, असं मला वाटलं. मी तिथंच ओरडलो, "दादा, तू तपासायला आलास का झोपायला? लोकं बिनइंजेक्शनचंच करून घेतेत."

"वरडू नको बाबा," तो म्हणाला. मग डॉक्टरांना, "राहू द्या साहेब. तसंच करा."

मी दाराबाहेर बाकावर बसलो. आत "काका, पोट ढिलं सोडा" चाललं होतं. मग त्याचा आवाज आला, "माय गं!" आई गेली तेव्हाही तो असा ओरडला नव्हता. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली.

"वळणावर नळी अडलीय, फार दुखतंय त्यांना. डॉक्टर थांबलेत. अजूनही इंजेक्शन देता येईल, पण काका म्हणतात, धाकट्याला विचारा."

माझ्या तोंडून सौद्यातलाच प्रश्न निघाला, "किती राहिलं?"

"अर्धं."

"मग उरकून घ्या म्हणावं."

तीन वाजता तो नोंदणीच्या खुर्चीत एका कुशीवर बसला होता. पोटात भरलेली हवा अजून उतरली नव्हती. "काका, कॅमेऱ्याकडं बघा," कारकून म्हणाला. त्यानं बघितलं. तो फोटो कागदावर छापला गेला: ओठ आवळलेले, डोळे लाल. त्याच कागदात लिहिलंय की, हे राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय करून देतो. जमीन माझीच होती, हे मी अजूनही म्हणतो. पण तो कागद काढायची वेळ आली की मी फोटोवर हात ठेवून वाचतो.

तपासणीत सापडलेली आतड्यातली गाठ साधी निघाली. तीन वर्षांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं, म्हणून यंदा गेलो. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "इंजेक्शन देऊनच करा."

थोरला माझ्याकडं बघून हसला. "व्हय? आज सही न्हाई वाटतं कुठं?"

बाजारात मला कोणी गप्प करू शकत नाही. तिथं मात्र मी खाली बसलो आणि त्याच्या चपला बाकाखाली सरकवल्या.