मोगऱ्याची संथा

गेल्या चैत्रात माझ्या पत्नीने मोगऱ्याचे एक रोप घरी आणवले. राजेंद्र नगरातल्या आमच्या घराला प्रशस्त गच्ची आहे. पण तिथे आजवर पापड आणि गाद्या यांखेरीज कशालाही ऊन दाखवले गेले नव्हते. बागकामाच्या विद्येत आम्ही दोघेही निव्वळ बालवर्गातले. त्यातून तिच्या दृष्टिपटलाला विकार जडलेला. तुकोगंजातल्या नेत्रवैद्यांनी स्पष्टच सांगितले होते, की कडेचे दिसत राहील, मधले परत येणार नाही. आणि अक्षर काय, चेहरा काय, आपण नेहमी मधोमधच पाहत असतो.

तेव्हापासून घरात तिला कोणी काही करू देत नसे. सून हातातली विळी काढून घेई, मी पाण्याचा तांब्या. एके दिवशी ती म्हणाली, "मी काय देवघरातली मूर्ती आहे, की बसवली आणि नैवेद्य दाखवला? देवाला रोज फूल लागतं ना, त्याचं झाड मी लावणार. हे एक रोप मला जगवून बघू द्या. नाही जगलं, तर म्हणाल तिथं बसून राहीन."

ती हे हसत म्हणाली. पण ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते, हे इतक्या वर्षांच्या सहवासाने मला कळत होते.

मी पुस्तके शोधू लागलो. वाचनालयात एक इंग्रजी पुस्तक मिळाले, देखणे आणि जड. त्यातला वसंत बर्फ वितळल्यावर येणारा. माळव्यात त्या सुमारास उन्हाने तापलेल्या कुंड्या हात लावू देत नाहीत. मराठी पुस्तकातला पाऊस थेट समुद्रकाठचा होता. हिंदी पुस्तिका आमच्या हवेला जवळची, पण तिची अक्षरे मोहरीएवढी. प्रत्येक लेखक आपापल्याच अंगणाकडे पाहत लिहीत असतो, याचे मला मोठे नवल वाटले. तशी एरवी मी ही पुस्तके उघडलीही नसती.

रोज पूजा आटोपली की गच्चीवर सावलीत बसून मी तिला वाचून दाखवू लागलो. 'पान पिवळे पडल्यास शेजारील चित्र पाहावे' असे वाक्य आले की ती मान फिरवी.

"यात सगळं डोळ्यांनीच करायचंय. रंग सोडून काही सांगा की."

"पुस्तकात तेवढेच आहे."

"मग किताब ठेवा बाजूला, आणि हात लावून बघा."

त्या बोलण्याने मला माझी वेदपाठशाळा आठवली. पाठशाळेत आम्ही मंत्र शिकलो ते डोळ्यांनी नव्हेच. गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा म्हणायचे. याला संथा घेणे म्हणतात. पोथी हाती आली ती सगळे मुखोद्गत झाल्यावर. जी विद्या मला कानांनी मिळाली होती, ती देताना मी पुस्तकाला इतका का चिकटून बसलो होतो?

दुसऱ्या दिवसापासून मोगऱ्याची संथा सुरू झाली. मी एक वाक्य म्हणायचे, तिने मातीत बोट घालून ते दोनदा म्हणायचे. हिंदी पुस्तिकेत एक मजेची गोष्ट सापडली. मातीच्या कुंडीवर टिचकी मारावी. कोरडी असेल तर खणखणते, ओली असेल तर बद्द वाजते. मग काय, ती येता-जाता कुंडी वाजवू लागली.

सून म्हणाली, "बाबा, फोनमध्ये रेकॉर्ड करून टाका ना. आईंची मर्जी होईल तेव्हा ऐकतील. पण जरा सीधं बोला हं, तुमचं लगेच प्रवचन सुरू होऊन जातं."

मी सीधे बोलण्याचा अभ्यास केला. तो मला संस्कृतपेक्षा कठीण गेला.

ज्येष्ठात रोपाची पाने गळू लागली. पाणी बेताने, ऊन सकाळचे, सगळे सांगितल्यासारखे. तरी रोज कुंडीभोवती पानांचा सडा. मी रोगांची प्रकरणे पुन्हा वाचली. ती येता-जाता कुंडी वाजवीनाशी झाली. ते मला पानांच्या गळण्याहून अधिक लागत होते. एका सकाळी तिने मातीतले बोट काढून नाकाशी नेले.

"अहो, हा वास घ्या. दही आंबल्यासारखा."

मी वाकलो. वास खरोखरच तसा होता, आणि बुंध्याशी मुंग्यांची रांग लागली होती. आम्ही दोघेही एकदम माझ्या हातातल्या ताम्हनाकडे वळलो. देवाच्या स्नानाचे पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून ते मोरीत न ओतता झाडाला घालावे, ही आमच्याकडची रीत. पूर्वी मी ते वसाहतीच्या बागेतल्या पिंपळाला नेई. गच्चीवर मोगरा आल्यापासून ते तिच्याच कुंडीत जात होते, आणि सोमवारच्या अभिषेकाचे दूध, दही, मध, साखरही. कोणत्याच पुस्तकाने याविषयी सावध केले नव्हते. वाचकाच्या घरी देव स्नान करतात, हे लेखकांनी धरलेलेच नसावे.

"पण देवाचे तीर्थ झाडाला सोसत नाही, असे कसे म्हणावे?" मी विचारले.

"तीर्थ सोसतं हो. दूध नाही सोसत. तुम्हाला तरी कुठं सोसतं?"

पंचामृताचे स्नान वेगळ्या वाटीत धरायचे आणि ते आपण सगळ्यांनी पळीपळीने प्राशन करायचे. नुसत्या पाण्याचे स्नान तेवढे झाडाला, असे ठरले. रोप तिनेच कुंडीतून काढले. कुजलेली मुळे बोटांना गिळगिळीत लागत, ती तिने खुडून टाकली आणि नव्या मातीत वाळू मिसळून रोप पुन्हा बसवले. मी फक्त पाणी धरून उभा होतो, आणि मागितल्याशिवाय ते दिले नाही. मग मी फोनवर 'पंचामृत कुंडीत घालू नये' हे एक नवे वाक्य नोंदवले, जे कुठल्याही पुस्तकातले नव्हते. ते तिने मला सांगितले आणि मी दोनदा म्हटले.

आषाढात एका फांदीच्या टोकाशी तिच्या बोटाला काहीतरी टोचल्यासारखे झाले. तिने ते मला दाखवले नाही. माझे बोट धरून तिथे नेऊन ठेवले. तांदळाच्या दाण्याएवढी कळी होती.

पुढच्याच आठवड्यात ती म्हणाली, "चला, जास्वंद आणू." रोपवाटिकेतला तरुण पुढे आला. "माताजी, कौनसा दिखाऊँ?"

"दिखाओ मत भिया, हाथ में दो."

त्याने एक रोप दिले. तिने कुंडीवर टिचकी मारली, माती चिमटीत धरून हुंगली, पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि 'इसकी जड़ गल रही है, दूसरा दो' म्हणत ते रोप त्याला परत केले.