दाजींच्या मोटारीची मुदत

जुनी मोटार घ्यायचीच तर परक्याकडून घ्यावी, म्हणजे निदान तोंडभरून शिव्या तरी देता येतात. आम्ही ती जावयाकडून घेतली.

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, परभणीला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला होते. आमचा धंदा पाथरीहून मानवत रोड स्टेशनला उतारू नेण्याचा. एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आणि एक बैलजोडी, त्यावर घर चालायचं. माघी पौर्णिमेला वडिलांनी दोन्ही विकल्या आणि दाजींनी गळ्यात मारलेली मोटार दारात आणली. सहा महिन्यांत बिघडली तर परत घेईन, तुमचे पैसे तुम्हाला, असा कागद दाजींनीच, निजामाच्या राज्यातल्या रिवाजाप्रमाणे उर्दूत, लिहून दिला. आमच्या घरात उर्दू कुणाला वाचता येत नव्हतं. जावयाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणं वडिलांना कमीपणाचं वाटलं.

महिन्याभरात मोटारीनं गुण उधळले. चढ आला की पाणी उकळायचं, उतारू उतरून पायी चालायला लागायचे आणि आमच्या पुढं निघून जायचे. गाद्यांना उंदराच्या मुताचा वास होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. स्टेशनवरच्या मिस्त्रीनं गिअरची पेटी उघडली, तर तेलात कालवलेला लाकडाचा भुसा निघाला. खडखड ऐकू येऊ नये म्हणून विकणारे भरतात, असं तो म्हणाला. तो काळा लगदा बोटावर घेऊन मी बघत राहिलो. ज्याच्या पायावर आम्ही पाणी घातलं, त्याच्या हातचा होता तो भुसा.

आता मोटार परत गेली तरच बैल परत येणार होते. पण त्या वर्षी अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावई नारायण. आईनं दाजींना आणि अक्काला बोलावलं, तेहतीस अनारसे तळले, काशाच्या ताटात दिवा ठेवून वाण दिलं. मला आधीच बजावलं, "तोंडातून ब्र काढू नको. तिला तिथं नांदायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यांना स्टेशनला सोडायला त्याच मोटारीतून निघालो. काळ्या मातीचा चिखल, आणि स्टेशन कोसभर राहिलं असताना ती बंद पडली. हँडल मारून माझे खांदे भरून आले. शेवटी वडील उतरून मागून ढकलायला लागले. पटका सुटून चिखलात लोळत होता. अक्कानं पदर खोचला आणि तीही उतरली. दाजी मात्र मांडीवर वाणाचं ताट घेऊन मागं बसलेले. नारायणाला ढकलायला कोण सांगणार? त्यांनी अनारसा मोडला. मिशीत खसखस अडकली होती. एवढी किळस मला कुठल्या माणसाची कधी आली नाही.

मी हातातलं चाक सोडून खाली उतरलो. भुशाचं सगळं सांगितलं आणि मुदत आहे तोवर मोटार परत घ्या म्हणालो.

दाजी रागावले नाहीत. म्हणाले, "मलमासात वाहनाची देवघेव करत न्हाईत. निज श्रावण लागला की घेऊन या."

वडिलांचा चेहरा उजळला. आमच्या पंचांगाच्या हिशेबानं सहा महिने निज श्रावणाच्या पौर्णिमेला भरत होते. अधिक महिना कोण धरतो? पंधरवडा हातात राहत होता.

निज श्रावण लागला, तेव्हा मोटार जागची हलत नव्हती. शेजाऱ्याची बैलजोडी भाड्यानं जुंपली आणि दोन दिवस ओढत ती परभणीला नेली. वाटेत जो भेटला तो हसला. दाजींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, मग कागद काढून वाचून दाखवला. त्यात सरकारी फसली महिने होते, त्यांत अधिक महिना नसतो. त्या हिशेबानं मुदत अधिक महिन्यातच संपून गेली होती.

वडील म्हणाले, "पण मलमासात देवघेव करायची न्हाई, हे तुमीच म्हणला होतात, जावईबापू."

"ते धरमाचं झालं. हे कागदाचं हाय."

वडील पटक्याचं टोक बोटांनी चाचपत बसले. मग दाजींनी अक्काला आम्हाला काही खायला आणायला सांगितलं. तिनं खाली मान घालून ताट ठेवलं. ताट आमचंच होतं, आणि त्यात उरलेले अनारसेही आमचेच.

मला राहवलं नाही. मी ताट उचललं, बाहेर गेलो आणि सगळे अनारसे त्या भाड्याच्या बैलांपुढं ओतले. दाजी ओट्यावर येऊन ओरडले, वाण हाय ते, जनावराला घालतोस? आईचे शब्द मला तेव्हा आठवले आणि मी घाबरून अक्काकडं बघितलं. ती दारात उभी होती. नवऱ्यासमोर तिचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"खाऊ द्या," ती म्हणाली. "मोटार त्यांनी ओढलीय."