काजळीची मिशी

परवा नातीने मला ओढतच सिनेमाला नेलं. युद्धाचे दिवस, लोकांची धरपकड, आणि एक बाप आपल्या पोराला सारखा हसवतोय. अख्खं थिएटर डोळे पुसत होतं. मी मात्र त्या बापाकडे संशयानेच बघत होते. हा बाबा नेमका आत्ताच का हसवतोय?

"आजी, तू म्हणजे ना, दगड आहेस!" नात म्हणाली. असेन बाई.

माझा बाप थिएटरात सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर होता. आई मी तान्ही असतानाच गेली, त्यामुळे मी दिवसभर त्याच्या केबिनमध्ये, रिळांच्या डब्यावर बसलेली. मशीनमध्ये उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांची काजळी बाबाच्या बोटांना कायमची. युद्ध लागलं आणि आमच्या लोकांना घराघरांतून उचलून न्यायला लागले. बाबाने नाव बदललं, गल्ली बदलली. राहिली जीभ. बाहेर पडताना आमचे लोक 'येतो' म्हणायचे. 'जातो' म्हणणं आमच्यात अशुभ. बाकीचे सरळ 'निघतो' म्हणायचे. हे मेल्या शिपायांना बरोबर कळलं होतं. आधी गोड बोलायचे, आणि माणूस दारापर्यंत पोचला की कान टवकारायचे.

म्हणून बाबाने खेळ काढला. जो चुकून 'येतो' म्हणेल त्याला काजळीची मिशी. बहुतेक वेळा तोच हरायचा. मिशी लावून असा काही तोरा मिरवायचा की मी हसून हसून लोळायचे. हा मुद्दाम हरतो, असा मला तेव्हाही संशय होताच.

बाबाचा संशय मात्र डोअरकीपरवर. तिकिटं फाडणारा, बॅटरी मारून लोकांना खुर्ची दाखवणारा घुम्या माणूस. हल्ली उगाच वर यायचा आणि माझ्याकडे बघत बसायचा. "त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही हं," बाबा बजावायचा. "त्याच्या पोटात काय आहे, देव जाणे."

एका दुपारी इंटरव्हलला हाच एका साहेबाला घेऊन वर आला. साहेब भारी गोड. मशीन बघितलं, मला गोळी दिली, म्हणाला, "बाळ, खालून जरा पाणी आणतेस?"

मी उठले, दारात गेले, आणि सवयीने वळून म्हणाले, "येते हं."

साहेबाचं हसू गेलं. "मुलगी कुणाची?"

"त्याची," बाबाने डोअरकीपरकडे बोट केलं. "दिवसभर माझ्या नादी लागून माझं बोलणं उचललंय कार्टीने. 'येतो' म्हणणारा मी आहे साहेब."

डोअरकीपरने बाबाकडे बघितलं. मग तो एकदम माझ्यावर खेकसला, "किती वेळा सांगितलं, वर येऊन बसू नकोस म्हणून? हो इकडे!" आणि दंड धरून मला स्वतःकडे ओढलं.

साहेबाला पटलं नव्हतं. त्याने हाक मारली तसे दोन शिपाई वर आले आणि त्यांनी बाबाला धरलं. साहेब मात्र माझंच तोंड न्याहाळत होता. मी आता रडणार, हे बाबाच्या लक्षात आलं. त्याने मोकळ्या हाताने मशीनवरून बोट फिरवलं, ओठावर ही भलीमोठी मिशी काढली, छाती फुगवली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो!"

हरला! मी खो खो हसले.

"बापाला नेताना कुठली पोर हसेल?" साहेब शिपायाला म्हणाला, आणि ते बाबाला घेऊन जिना उतरले.

मला डोअरकीपरने वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावून दिलं. साहेबाला त्याने वर आणलं की साहेबाने त्याला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याच्या घरात मीही 'निघते' म्हणायला शिकले. बाबा काही आला नाही. येतो म्हणाला होता, म्हणून मला त्याचा अजून राग येतो.

सिनेमा सुटल्यावर नातीने मला घरी पोचवलं. दारात चप्पल घालत म्हणाली, "निघते गं आजी."

मी तिचा हात धरला. "येते म्हण."

"का?" तिने संशयाने विचारलं.

"म्हण म्हणते ना!"