अमावस्येचं पाणी

आमच्या गाडीच्या बॅटरीत पाणी घालायचा दिवस ठरलेला होता. अमावस्या. बॅटरीचा आणि चंद्राचा काय संबंध, असं मी कॉलेजात असताना मोठ्या ऐटीत विचारायचो. त्या वयात असे प्रश्न फार सुचतात आणि उत्तर ऐकायला थांबायला वेळ नसतो.

उत्तर साधं होतं. बाबा आणि समोरच्या खोलीतले काका, दोघं मिळून एकच टॅक्सी चालवायचे. बाबांची दिवसपाळी, काकांची रातपाळी. पहाटे काका गाडी लालबागच्या आमच्या चाळीखाली आणून लावायचे आणि खालूनच ओरडायचे, "गाडी आली रे!" बाबा चहा तसाच ठेवून जिना उतरायचे. गाडी दोघांची असली की तेल तू बघ, हवा मी बघतो असं होतं आणि बॅटरीचं पाणी दोघंही विसरतात. त्यावर काकांनी तोडगा काढला होता. अमावस्येला नाहीतरी गाडीला नवं लिंबू-मिरची बांधायचं, तेव्हाच बॉनेट उघडायचं. मग एकजण बॅटरीची सहा बुचं काढून डिस्टिल्ड वॉटर घालायचा, दुसरा टर्मिनलवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवायचा आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचा. एवढ्या वर्षांत ती टॅक्सी एकदाही धक्का मारून सुरू करावी लागली नाही, हे दोघंही येईल त्याला ऐकवायचे. आम्हा पोरांना तर ते पाठ झालं होतं.

पुढे टॅक्सी भंगारात गेली. काका गिरगावात लेकीकडे राहायला गेले. बाबांनी एक जुनी छोटी गाडी घेतली, ती मुख्यतः काकांना भेटायला. दर रविवारी ते गिरगावात जायचे, काकांना शेजारी बसवायचे आणि चौपाटीपर्यंत एक फेरी मारून आणायचे. दोघं गाडीत फारसं बोलत नसत. आयुष्यभर एकाच सीटवर बसले होते, पण एका वेळी कधीच नाही. ती कसर ते भरून काढत असावेत.

मग बाबांचा हात कापायला लागला, गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. मी पहिलं काम काय केलं, तर लिंबू-मिरची काढून फेकली. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसून बघत होते.

"ही अंधश्रद्धा आता पुरे, बाबा."

"लिंबू काढ रे झिला," ते म्हणाले, "पण अमावस्या काढू नको."

मी हसलो. म्हाताऱ्यांचा हट्ट, दुसरं काय. त्या वाक्यात बॅटरी होती हे माझ्या डोक्यात आलंच नाही. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पहिल्या अमावस्येला बाबांनी विचारलं, "पाणी घातलंस?" मी मोबाइलमध्ये बघत होतो. "हो," म्हणालो. खरं तर उद्या घालू असं मनात होतं. पुढच्या अमावस्येला पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच हो. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही. कॅलेंडर ते स्वतः बघायचे आणि विचारायचे त्या दिवशी एकदाच. माझं उत्तर ऐकून मान हलवायचे. त्या मान हलवण्याचीसुद्धा मला चीड यायची, आता बोलायला लाज वाटते.

रविवारच्या फेऱ्याही मागे पडल्या. कधी ऑफिसचं काम, कधी लग्न, कधी नुसता कंटाळा. पुढच्या रविवारी नक्की, असं मी म्हणायचो. गाडी चाळीखाली धूळ खात उभी राहायची. सुरू करताना इंजिन कण्हायला लागलं होतं, हॉर्नचा आवाज बसला होता. मला ते कळत नव्हतं असं नाही.

एके दिवशी सकाळी सहाला काकांच्या लेकीचा फोन आला. काका चार दिवस हॉस्पिटलात होते, ते आम्हाला माहीत होतं. रविवारी जाऊ असं मीच म्हटलं होतं. ती म्हणाली, "दादा, डॉक्टरांनी सगळ्यांना बोलवून घ्या म्हणून सांगितलंय. माझे बाबा अजून शुद्धीवर आहेत. तुमच्या बाबांना घेऊन या, लवकर या."

बाबांना दोघांनी धरून खाली उतरवायला दहा मिनिटं लागली. ते पुढच्या सीटवर बसले, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. मी किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट् कट्. मीटरवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

तेव्हाच मी टॅक्सी बोलवायला हवी होती. पण बाबा शेजारी बसले होते आणि बॅटरी मेली आहे हे त्यांच्यासमोर तोंडाने कबूल करायचं धैर्य मला होईना. मी चाळीतली चार माणसं गोळा केली. धक्का मारला. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोनदा खोकली, थांबली. परत मागे आणून पुन्हा धक्का. "अजून एकदा, जोर लावा!" असं मी ओरडत होतो. अर्धा तास गेला. माझ्या खोटेपणावर पांघरूण घालायला मी तो अर्धा तास खर्च केला. आणि वेळ माझा नव्हता.

शेवटी बाबा दार धरून स्वतःच उतरले. "बॉनेट उघड," म्हणाले. त्यांनी बॅटरीचं एक बूच फिरवायचा प्रयत्न केला, पण बोटांना ते जमेना. मी फिरवलं. त्यांनी वाकून आत बघितलं. पाण्याचा थेंब नव्हता. आतल्या पट्ट्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बूच माझ्या हातातून घेतलं, जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "टॅक्सी बघ."

आम्ही पोचलो तेव्हा काकांना जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. चेहरा अजून झाकला नव्हता. लेक बाबांच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "सारखे दाराकडे बघत होते. 'गाडी आली का?' एवढंच विचारत होते."

बाबा कॉटच्या कडेला बसले. काकांचा हात आपल्या कापणाऱ्या हातात घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आली रे. गाडी आली." मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो.

दिवसकार्य झाल्यावर परळच्या दुकानात बॅटरी बदलायला गेलो. बाबाही आले, नको म्हटलं तरी. दुकानदाराने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. "साहेब, ही पाणीवाली, आणि ही मेंटेनन्स फ्री. हिचं झाकणच सील आहे. बघायचं टेन्शनच नाही." मी पाणीवालीकडे बोट दाखवणार होतो. या वेळी मी खरंच घालणार होतो, प्रत्येक अमावस्येला, त्यांना खुर्चीवर शेजारी बसवून. मनात सगळं ठरवून आलो होतो.

"बंदवाली दे," बाबा दुकानदाराला म्हणाले. "मग पाण्याचं त्याला विचारूक नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

पुढची अमावस्या आली. मी संध्याकाळी लवकर घरी आलो, त्यांच्यासमोर बसून राहिलो. बाबांनी कॅलेंडरकडे बघितलं, चहा प्यायले, गॅलरीत जाऊन बसले. विचारलं नाही. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही नाही. बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील, जाईपर्यंत एकाही अमावस्येला त्यांनी विचारलं नाही.

मी अजून दर अमावस्येला खाली जातो. बॉनेट उघडतो, टर्मिनल पुसतो, व्हॅसलीन लावतो. बॅटरीचं झाकण बंद आहे, त्यात घालण्यासारखं काही नाही. "पाणी घातलंस?" असं त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं. मी खरं तेच सांगितलं असतं, 'नाही.'