नानांच्या दहाव्याला खेळलेली मॅच

माझी फजिती सांगतो, पण दोन अटी आहेत. चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, आणि आमच्या आईसमोर हा विषय चुकूनही काढायचा नाही.

तर मी मोबाईलवर गेम खेळतो. वय एकतीस, घर उत्रोलीत, भोरला झेरॉक्सचं दुकान, घरात लग्नाचं बघताहेत, आणि तरी खेळतो. बोला आता. चौघांची टीम असते. एका बेटावर उतरायचं, बंदुका गोळा करायच्या, बाकीच्यांना टिपायचं, शेवटी जी टीम उरेल ती जिंकली. माझे तिघे जोडीदार भोरचे कॉलेजवाले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि खेळात दहापट बरे.

म्हणजे मी अगदीच वाईट खेळतो असं नाही हो. सुरुवात झकास करतो. पण शेवटी थोडेच उरले की माझी छाती धडधडायला लागते, अंगठे घामानं ओले होतात, आणि मी काय दाबतोय ते माझं मलाच कळत नाही. मागच्या मॅचला मी मोठ्या धाडसानं बाँब फेकला, तो आमच्याच तिघांच्या मधोमध पडला.

दुसऱ्या दिवशी आमचा कॅप्टन सागर दुकानात आला.

"दादा, राग नका मानू. रविवारी सकाळी दहाला मोठी मॅच आहे. परत घाबरलात तर तुमच्या जागी दुसरा घ्यावा लागेल."

"घाबरतंय कोण?"

"तुम्ही. आता ऐका. छाती धडधडली की ताठ उभं राहायचं, श्वास सोडायचा आणि मोठ्यानं बोलायचं. आपलाच आवाज कानावर पडला की डोकं थाऱ्यावर येतं. आम्हालाही जोर येतो."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दिवसभर सातबारे आणि आधारकार्डं छापणाऱ्या माणसाला ही एकच जागा होती, जिथं कुणीतरी त्याची वाट बघायचं. ती घालवायची नव्हती. आठवडाभर दुकानात सराव केला. गिऱ्हाईक नसलं की उठायचं आणि मशीनकडं बघून गरजायचं, "घाबरू नका, मी आहे!" एकदा एक आजोबा दारातूनच परत गेले.

शनिवारी आईनं सांगितलं, "उद्या पासलीला जायचंय. नानांचा दहावा हाय."

नाना म्हणजे आईचे मामा. माझ्यावर त्यांचा जीव होता, त्यामुळं जाणं भागच होतं. आणि दहावा म्हणजे सकाळी, नदीवर, म्हणजे बरोबर दहाच्या सुमाराला!

पासलीत रेंज म्हणजे कुणाच्या तरी नशिबात असते. त्या दिवशी माझ्या होती. नदीच्या घाटावर एका पडक्या भिंतीशी दोन काड्या दिसल्या. समोर पन्नास पावलांवर सगळे पाहुणे, मधे पिंड मांडलेला. मी भिंतीला टेकून उकिडवा बसलो, कानात इयरफोन घातले, वरून टॉवेल डोक्यावर घेतला, मोबाईल मांडीत लपवला. करू नये ते करत होतो, मला कळत होतं. पण सुरू केलं.

मागून दोन बायका बोलत गेल्या. "बघ की, भाचीचं पोरगं कसं रडतंय. मान वर करंना."

"लई जीव हुता ग त्येंचा."

इकडं कावळा काही पिंडाला शिवेना. गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायचा, ही आपली रीत. नानांचा थोरला मुलगा दत्तामामा पुढं झाला.

"नाना, धाकट्याशी भांडणार न्हाई."

कावळा फांदीवर बसून चोच पुसत होता.

"नाना, बांधाचा वाद मिटवतो. घराची कौलं बदलतो."

काही नाही. अर्धा तास झाला, ऊन चढलं, तेवढ्यात माझ्या खेळात शेवटच्या दोन टीम उरल्या. मी एका घरात दाराआड उभा होतो. आणि झालं, छाती धडधडायला लागली, अंगठे ओले, पडदा हलेना की मला दिसेना, काही समजेना. सागरचं बोलणं आठवलं. सवयीनंच उठलो, ताठ उभा राहिलो, श्वास सोडला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडलो,

"काही काळजी करू नका! तुम्ही बिनधास्त पुढं जा! मागचं सगळं मी सांभाळतो!"

आणि कावळा शिवला.

अहो, शिवला म्हणजे काय, झेपच घेतली. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी टॉवेल कानाशी घट्ट धरून उभा. आता मार पडणार, आईची मान खाली जाणार, एवढंच डोक्यात येत होतं.

नानांची बायको, आमची आजी, पदरानं डोळे पुसत माझ्यापाशी आली. "म्हशीचीच काळजी हुती रं त्यांना. त्यांच्याबिगर कुणाला कासंला हात लावू देत न्हाई ती. समदी बोलली, पर म्हशीचं कुणी काढलं न्हाई. तू वळखलंस."

दत्तामामा पुण्यात नोकरीला, त्याचा जीव तर भांड्यात पडला. "संतोष, लई उपकार झाले. म्हैस तुझ्याकडं न्यायला दुपारीच टेम्पो बोलावतो."

खरं सांगितलं असतं तर नानांना मिळालेली गती परत गेली असती. मार चुकला, आईची मान खाली गेली नाही, मला इतकं हायसं वाटलं की दोन म्हशी दिल्या असत्या तरी आणल्या असत्या.

संध्याकाळी टेम्पोतून भोरपर्यंत आलो. मागं म्हैस हंबरत होती, तेवढ्यात सागरचा फोन आला.

"दादा, जिंकलो!"

माझे डोळेच भरून आले. "मी ओरडलो, त्यानं जोर आला ना?"

"कधी ओरडलात? दोन टीम उरल्या तेव्हाच तुमची रेंज गेली होती. तुमचा गडी दाराआड पुतळ्यासारखा उभा. समोरच्यांना वाटलं, केवढा थंड डोक्याचा माणूस दबा धरून बसलाय. त्या घराकडं ते फिरकलेच नाहीत, लांबून वळसा घालून गेले आणि आमच्या तावडीत सापडले."

मी भीतभीत विचारलं, "मग माझी जागा?"

"पक्की, दादा. तुम्ही हललाच नाहीत, म्हणून तर जमलं." पुढं म्हणाला, "फक्त एक करा. इथून पुढं प्रत्येक मॅच पासलीतूनच खेळा."