सक्तीच्या प्रतिक्रिया

बी.एड.च्या पहिल्या वर्षी आम्हा सगळ्यांना ब्लॉग काढायला लावला होता. संगणकाचे सर म्हणाले, "इथं मोकळेपणानं व्यक्त व्हा." व्यक्त होण्याला गुण होते आणि दुसऱ्याच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया देण्यालाही गुण होते. सोलापुरातल्या त्या कॉलेजात मोकळेपणाही प्रात्यक्षिकाच्या वहीसारखा तपासला जायचा. वर्गाने त्यावर सोपा तोडगा काढला. कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत एकच वाक्य सगळ्यांच्या ब्लॉगवर चिकटवायचं, की झालं. ब्लॉग आधी वाचायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी जेऊरहून रेल्वेने ये-जा करायचे. पर्यावरण, वाचनाचं महत्त्व, असलं पाणचट काहीबाही मीही लिहायचे. मग घरात माझं लग्न ठरत आलं. स्थळ माढ्याकडचं, ऊसवाल्यांचं. वडिलांसमोर माझं तोंड उघडत नसे, पण शिक्षकांचा शब्द ते कधी खाली पडू देत नसत. म्हणून एका दुपारी गाडीत बसून मोबाईलवर लिहिलं, की मला हे लग्न नको आहे, मला शिक्षिका व्हायचं आहे, सरांपैकी कुणीतरी माझ्या वडिलांशी बोला. जेऊर यायच्या आत ते ब्लॉगवर टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी खाली प्रतिक्रियांची रांग लागली होती. 'खूप छान लेखन.' 'ओघवती शैली, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' एकीने लग्न हा शब्द तेवढा पाहिला असावा. तिने लिहिलं होतं, 'अभिनंदन! पार्टी कधी?' ती माझ्याच बाकावर बसायची. मला इतका संताप आला, की त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला.

सरांना स्टाफरूमबाहेर गाठलं. "सर, माझं वाचलंत का?"

"वाचलं की! पैकीच्या पैकी दिलेत. फक्त परिच्छेद पाडत जा."

मी "बरं सर" म्हणाले. तेच पुन्हा तोंडाने सांगायला माझी जीभ रेटली नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं आणि कॉलेज सुटलं. "शिक्षणाचं पुढं बघू," असं सासरचे म्हणाले होते. पुढे कुणी काही बघितलं नाही. हळद उतरायच्या आतच एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "तू लई भारी लिवतीस की."

"कुठं वाचलं?"

"तुझ्या ब्लॉगवर. लगीन ठरत हुतं तवाच मोबाईलवर नाव टाकून बघितलं हुतं."

"ते लग्नाचं लिहिलेलं?"

"व्हय. दोनदा वाचलं."

इतक्या जणांत ते खरोखर वाचलं होतं ते या एकट्याने.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? झालं की लगीन," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात जराही वाईटपणा नव्हता. मला भीती वाटली ती त्याच गोष्टीची.